तिसऱ्या पिनेचा पत्ता

कोल्हापुरात घरटी एक मिस्त्री असतो. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला, त्याच गावात आपण राहतो. त्यामुळं कुठलीही वस्तू बघितली की "हे घरी होतंय की" असं तोंडून निघतंच. नोकरी संपली की परड्यात पत्र्याचं शेड उभं राहतं. उद्यमनगरातून जुना बेंच ग्राइंडर येतो, मग ड्रिल, मग कटर. मशीन घेताना चार दुकानं पालथी घालतो. वायरिंग मात्र जो वायरमन मोकळा असेल त्याच्याकडून होतं. माझ्या शेडचंही तसंच झालं होतं.

पावसाळ्याचे दिवस, फरशीला ओल सुटलेली. पटाशीला धार लावायची म्हणून ग्राइंडरचं बटण दाबलं. चाक हललं नाही, साधा घूं आवाजसुद्धा नाही. शेडमधला बल्बही पेटत नव्हता, म्हणजे लाईट गेली असणार. डावा हात शेगड्यावर (व्हाइसवर) होता; त्याचं टेबल लोखंडी, पाय फरशीत गाडलेले. उजवा हात ग्राइंडरच्या बॉडीला लागला आणि दोन्ही हात जागेवर चिकटले. ओरडायला आवाज फुटेना. दंडापासून छातीपर्यंत सगळं आवळत गेलं. दारातल्या पुतण्यानं मला ओढलं नाही, पळत जाऊन बोर्डावरचं बटण बंद केलं. त्या पोराची अक्कल मोठी. मला धरलं असतं तर दोघेही चिकटलो असतो.

उद्यमनगरात मोटारींचं वाइंडिंग करणारे एक जुने स्नेही आले आणि त्यांनी सॉकेट उघडलं. आत अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत बोटभर तांब्याची तार. घरापासून शेडपर्यंत तिसरी वायर ओढलेलीच नव्हती. "हे लई ठिकाणी बघतोय मी," ते म्हणाले. वायरमनची वायर वाचते, टेस्ट लॅम्प लावला तर झकास पेटतो, मालकही खूश. आमच्या मुख्य बोर्डातला शेडचा न्यूट्रल मात्र सैल होऊन जळून तुटला होता. त्यामुळं फेज मोटारीच्या वाइंडिंगमधून सॉकेटच्या न्यूट्रलला, तिथून त्या तारेवरून अर्थ पिनेला आणि पिनेतून ग्राइंडरच्या अंगावर आला. मशीन मुकं होतं, पण जिवंत होतं. म्हणून बंद पडलेल्या मशीनला हात लावायच्या आधी पिन सॉकेटमधून उपसून बाजूला ठेवायची. लाईट गेली असं वाटलं तरी.

"एमसीबी आहे की आमच्याकडं," असं बरेच जण सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. ओल्या अंगातून 230 व्होल्टला दोन-अडीचशे मिलीअँपिअर वाहिले तर हृदयाचे ठोके बिघडायला पुरतात, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याची दादही नसते. अर्थिंग असलं तरी काळजी मिटत नाही. समजा अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 10 ओहम आहे. मशीनच्या बॉडीत फेज उतरला तर 23 अँपिअर वाहतील, आणि तेवढ्यावर ती एमसीबी तासभरही तशीच बसून राहू शकते. जीव वाचवायचं काम 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचं. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नाही हे दिसताच ती सेकंदाच्या अंशात पडते. ती सारखी पडत असेल तर "काढून टाका, डोक्याला ताप" म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून वाटेला लावा. गळती कुठंतरी आहे, किंवा अर्थ आणि न्यूट्रल कुठंतरी जोडलेत, म्हणूनच ती पडते.

तिसऱ्या पिनेचा पत्ता शोधायला मल्टीमीटर पुरतो, पण हे काम जाणकारानंच करावं. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच. मग त्याच सॉकेटवर मशीन चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजायचं. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. लोड असूनही अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून बघा. एक्स्टेन्शन बोर्डही उघडाच. वर तीन भोकं आणि आत दोनच तारा, असले बोर्ड बाजारात राजरोस मिळतात. हातातल्या ड्रिलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं. त्याला दोनच तारा असतात आणि ते बरोबर आहे. लोखंडी अंगाच्या मशीनला मात्र तिसरी तार हवीच, आणि ती खड्ड्यापर्यंत पोचायला हवी. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं. नदीकाठची काळी माती ओल धरते, मुरमाड जागेला ते जमत नाही.

आणि हो, पायात कोल्हापुरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भिजलेलं चामडं करंट अडवत नाही.

2019 आणि 2021 च्या महापुरात कित्येक शेडं पाण्यात गेली. पाणी ओसरलं, वरून मशीन सुकलं, की लगेच बटण दाबायची घाई होते. वाइंडिंगमध्ये आणि भिंतीतल्या पाइपात ओल टिकून राहते. मोटार उघडून वाळवा, 500 व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशनचा रोध किमान एक मेगाओहम आल्याशिवाय जोडू नका. बुडालेली आरसीसीबी आणि सॉकेटं सरळ फेकून द्या.

कुणी चिकटलंच तर आधी मेन बंद, मग 108. माणूस उठून बोलायला लागला तरी डॉक्टरकडं नेऊन ईसीजी काढा.

आरसीसीबीवर 'टेस्ट' असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं. आज लाईट असताना ते दाबून बघा. खटका पडला नाही तर ती बदलेपर्यंत शेडला कुलूप लावा. पडला तर दर महिन्याला दाबत राहा.