मुरूम: रोजची निगा आणि योग्य उपचार

चेहऱ्यावरचे मुरूम हा त्वचेतल्या तैलग्रंथींचा आणि त्यांना जोडलेल्या केसांच्या छिद्रांचा आजार आहे. वयात येताना ॲन्ड्रोजेन संप्रेरके वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. त्याच सुमारास छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी नीट न झडता साचतात आणि तोंड बुजते. आत अडकलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा एरवीही त्वचेवर राहणारा जिवाणू वाढतो आणि सूज येते. तोंड उघडे असेल तर काळा ठिपका दिसतो, बंद असेल तर पांढरी बारीक पुळी. सूज वाढली की लाल किंवा पू भरलेली पुटकुळी होते, आणि ती खोलवर गेली तर दुखरी गाठ. काळ्या ठिपक्याचा रंग मळाचा नसतो. म्हणूनच चेहरा कितीही घासला तरी तो जात नाही.

मुरूम आणि मुरमासारखे दिसणारे

औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजार परिसरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत कपाळावर, मानेवर, पाठीवर उठणारे बारीक टोचरे पुरळ बहुधा घामोळे असते आणि हवा गार झाली की ते बसते. कपाळ, छाती आणि पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुळ्या उठल्या तर त्यामागे त्वचेवरची बुरशी असू शकते. मुरमाचे औषध तिथे उपयोगी पडत नाही. मुरमात मात्र काळे-पांढरे ठिपके आणि लाल पुटकुळ्या एकाच वेळी दिसतात, खाज फारशी नसते.

धुणे, तेल आणि दस्ती

सकाळी आणि रात्री, असा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने चेहरा धुणे पुरेसे असते. शेतातून किंवा मैदानावरून घामेजून आल्यावर आणखी एकदा धुवावा. कपडे धुण्याचा साबण, खरखरीत स्क्रब आणि घासणी त्वचेला जखमी करतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर चेहऱ्यावर राहतो, त्यामुळे चेहरा भरपूर पाण्याने धुऊन टिपून कोरडा करावा. तेलकट त्वचेलाही हलके, तेलविरहित मॉइश्चरायझर लागते. औषध लावणाऱ्यांना तर त्याची गरज जास्त असते.

केसांना चोपडलेले तेल कपाळावर उतरते आणि केसांच्या रेषेलगत बारीक पुळ्यांची रांग उठते. तेल लावायचेच असेल तर रात्री न लावता न्हाण्याआधी लावावे आणि केस धुवून टाकावेत. उशीची खोळ आठवड्यातून एकदा तरी बदलावी. दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ, हेल्मेटची पट्टी आणि घाम पुसायची दस्ती रोज धुतलेली असावी. घट्ट, ओले कापड चेहऱ्यावर घासत राहिले तर तिथे पुळ्या येतात. गॅरेजमध्ये ग्रीस आणि ऑइल हाताळणाऱ्यांनी तो हात तोंडाला लावू नये.

हळद, लिंबू आणि टूथपेस्ट

हिंगोली आणि वसमत हा हळदीचा पट्टा. हळदीतील कर्क्युमिन सूज कमी करते असे प्रयोगशाळेत दिसते, पण स्वयंपाकघरातली हळद चेहऱ्यावर लावणे हा त्यामुळे मुरुमांवरचा उपचार ठरत नाही. तिच्या लेपाने चेहरा पिवळा पडतो, काहींना ॲलर्जीचे पुरळ येते. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट त्वचा भाजतात. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा भाजण्याचे किंवा पुळी फोडण्याचे काळे डाग कित्येक महिने राहतात. डाग कमी व्हायचे असतील तर पुळीला नख लावू नये आणि उन्हात जाताना किमान एसपीएफ 30चे जेल स्वरूपातले सनस्क्रीन वापरावे.

आहार आणि झोप

गोड चहा, शीतपेये, बिस्किटे, मैदा यांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि तैलग्रंथींना चालना मिळू शकते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात असे पदार्थ कमी केलेल्या तरुणांचे मुरूम 12 आठवड्यांत इतरांपेक्षा जास्त घटले. ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी हे या दृष्टीने चांगले जेवण आहे. व्यायामशाळेतल्या व्हे प्रोटीनच्या पावडरने काहींचे मुरूम वाढतात. अपुरी झोप आणि परीक्षेचा ताणही भर घालतात. पोट साफ नसल्यामुळे मुरूम येतात, या समजुतीला आधार नाही.

औषधे

सौम्य मुरुमांसाठी डॉक्टर सहसा बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापेलिन देतात. बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्क्यांचेही पुरते आणि जळजळ कमी होते. मात्र त्याने कपड्यांचा रंग उडतो. ॲडापेलिन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे घेऊन संपूर्ण भागावर पातळ लावतात. सुरुवातीला ते एक दिवसाआड लावावे. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा सोलटते आणि मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटतात. फरक 8 ते 12 आठवड्यांनी दिसतो, त्याआधी औषध सोडू नये. प्रतिजैविकाची गोळी किंवा मलम नुसतेच आणि फार काळ वापरल्यास जिवाणू त्याला जुमानेनासे होतात. खोल गाठींसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या प्रभावी आहेत, पण गर्भाला गंभीर व्यंग येण्याचा धोका असल्याने गरोदर किंवा गर्भधारणेच्या तयारीत असलेल्या स्त्रीने त्या घेऊच नयेत. ॲडापेलिनही गरोदरपणात टाळतात.

सर्वांत मोठे नुकसान स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी होते. मेडिकलमधून किंवा मैत्रिणीकडून मिळालेली, "गोरे करते" म्हणून लावलेली क्रीम पहिल्या काही दिवसांत चेहरा स्वच्छ आणि उजळ दाखवते. पुढे त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, चेहऱ्यावर केस वाढतात आणि मुरूम अधिक येतात. थांबवले की चेहरा लालबुंद होऊन जळतो, म्हणून वापर पुन्हा सुरू होतो. भारतात 2018 साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. ती आधीच लावत असणाऱ्याने डॉक्टरांना सांगून, त्यांच्या सल्ल्याने सोडावीत.

डॉक्टरांकडे कधी जावे

गाठी, खड्डे किंवा डाग पडत असतील, तीन महिन्यांच्या नियमित उपचारानेही फरक नसेल, किंवा मुलीची पाळी अनियमित असून चेहऱ्यावर राठ केस येत असतील (यामागे पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असू शकतो), तर तपासणी करून घ्यावी. मुरुमांमुळे मूल लोकांत मिसळणे टाळत असेल, तर तेही डॉक्टरांकडे जाण्याचे पुरेसे कारण आहे. सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून करता येते. पुढे हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. खड्डे पडल्यावर ते भरण्यापेक्षा मुरूम वेळेत आटोक्यात आणणे सोपे आणि स्वस्त असते.