टॉवेलचा एक धागा

अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, माझा पहिला नाइट डाइव्ह. 12 मीटरवर टॉर्च आधी पिवळा पडला, मग मिणमिणला आणि गेला. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, हाताच्या अंतरावर होता म्हणून निभावलं. त्याच्या झोतात हात धरून अंगठा वर केला, म्हणजे ‘वर चल’. 5 मीटरवर 3 मिनिटं थांबून आम्ही बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी डाइव्ह सेंटरमधल्या दादाने तो टॉर्च तोंडापासून लांब धरून उघडला. पाणी शिरलेल्या लिथियम सेलमुळे आत वायू कोंडतो, झाकण उडू शकतं. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणातून पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कड्यावर, आडवा पडला होता टॉवेलचा एक पांढरा धागा. बोटीवर हेलकावे खात, घाईघाईत सेल बदलताना तो मीच आत घातला होता. दर 10 मीटरला वातावरणाएवढा दाब आणखी चढतो. पाण्याला धाग्याएवढी वाट पुरते.

तेव्हापासून सेल बदलायचा तो राहत्या खोलीवर, कोरड्या हातांनी. ओ-रिंग काढायची, पुसायची, बोट फिरवून चीर किंवा रेतीचा कण लागतो का बघायचं. सिलिकॉन ग्रीस नुसती चमक येण्यापुरतं. डाइव्हनंतर टॉर्च बंदच गोड्या पाण्यात भिजवायचा, पूर्ण वाळल्यावर उघडायचा. विमानात सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच.

खरेदीतही मी चुकलो होतो. लुमेनचा मोठा आकडा बघून भुललो. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला टॉर्च पावसात चालेल. डाइव्हला मीटरमध्ये खोली दिलेलाच हवा. झोतही बघा. मालवणला पाणी गढूळ असताना रुंद झोत मारणं म्हणजे घाटातल्या धुक्यात गाडीचा अप्पर मारणं: समोर नुसती पांढरी भिंत. तिथे अरुंद झोत आरपार जातो, खुणाही स्पष्ट दिसतात. रुंद झोत व्हिडिओला बरा. दिवसाही टॉर्च न्याच. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, आणि काळपट वाटलेलं प्रवाळ झोतात लालभडक निघतं.

रात्री टॉर्च दोन. छोटा बीसीडीला, म्हणजे डाइव्हच्या हवा भरायच्या जॅकेटला, क्लिपने अडकवलेला. मुख्य टॉर्च गेला तर तो वर येण्यासाठी, पुढे फिरण्यासाठी नव्हे. खुणा बोटीवरच ठरवून घ्या: झोत गोल फिरवला तर ठीक, भराभर आडवा हलवला तर मदत. हाताने खूण करताना झोत आपल्या हातावर, बडीच्या डोळ्यांत नाही.

आणि टॉर्च भाड्याचा असो की स्वतःचा, निघण्याआधी बादलीत बुडवून धरा. झाकणापाशी बुडबुड्यांची माळ सुटत राहिली तर तो टॉर्च बोटीवर चढवूच नका.