जे गावाला जात नाहीत

राहुरी,
७ एप्रिल

चि. रूथ हिस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते, म्हणून नीट बोलणं झालं नाही. तरुण संघाची सेक्रेटरी झालीस, बरं वाटलं. तुझे आजोबा असते तर त्यांनी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून सांगितलं असतं. पण तू मे महिन्याची जी यादी वाचून दाखवलीस (व्हीबीएस, तीन दिवसांचं शिबिर, गायनस्पर्धा, क्रिकेट, शुक्रवारची रात्रभर प्रार्थना), ती ऐकून मला उन्हाआधीच घाम फुटला. आणि एवढं सगळं वाचून शेवटी तूच म्हणालीस, "पण आत्या, येणार कोण? सगळे गावाला जातात."

सगळे जात नाहीत गं. रजिस्टर उघड आणि जे जात नाहीत त्यांची नावं एका कागदावर लिही. ज्याची आजी गेली आणि आजोळ मिटलं, तो. सुट्टी लागली की एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंगला लागणारे दोघं-तिघं. आई कामावर जाते म्हणून धाकट्याला सांभाळत बसलेली मुलगी. बारावी राहिलेला, त्यामुळे पाहुण्यांच्या लग्नालाही तोंड न दाखवणारा. दहा-बारा नावं निघतील. तुझा उन्हाळा यांचा आहे. बाकीचे जूनमध्ये आपोआप येतील, त्यांची काळजी नको.

तुम्ही ज्याला व्हीबीएस म्हणता, ती सुट्टीतली बायबल शाळासुद्धा अशाच मुलांमुळे निघाली. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी पाहिलं, की शाळेला सुट्टी लागल्यावर गरीब वस्तीतली पोरं दिवसभर रस्त्यावर असतात. जागा मिळेना, तेव्हा त्यांनी चक्क बिअरचा गुत्ता भाड्यानं घेतला आणि तिथं वर्ग भरवला. आपल्या कमिटीला हॉलची फरशी खराब होईल याची धास्ती असते, त्यांना ही गोष्ट एकदा सांग.

आता वेळेचं. लहानांची शाळा सकाळी साडेसातला सुरू कर आणि दहाच्या आत पोरं घरी पोचू देत. तुमच्या हॉलचे पत्रे अकरानंतर तव्यासारखे तापतात, मग कितीही पंखे लावा. तरुणांचं सगळं दिवस मावळल्यावर ठेव, कंपाउंडमधल्या लिंबाखाली. वीज गेली तरी तिथं काही अडत नाही. एक माठ ठेव, त्याला ओलं फडकं गुंडाळ आणि पाणी भरायची पाळी सेक्रेटरीपासून सुरू कर. कामावर जाणाऱ्यांना आधी विचार, कुणाची कुठली पाळी आहे आणि सुट्टी कुठल्या वारी. दुसऱ्या पाळीचा मुलगा रात्री अकराला सुटतो, त्याला संध्याकाळच्या सभेचं आमंत्रण देऊन काय उपयोग? त्याच्या सुट्टीच्या दिवशी चौघं बसा, एक अध्याय वाचा, चहा प्या. तीच सभा. आणि धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीला सांग, त्याला कडेवर घेऊन ये. तो मधेच रडला तर रडू दे. नीटची परीक्षा बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते, त्या दिवशी काहीही ठेवू नकोस.

दुसरं, व्हीबीएसमध्ये तरुण संघाला फक्त सतरंज्या उचलायला लावू नका. आमच्या वेळी तेच व्हायचं. शिकवायचं आम्ही बायांनी आणि बाकं हलवायची पोरांनी. पोरं दोन दिवस टिकायची, तिसऱ्या दिवशी नदीवर. एकेकाकडे पाच-पाच मुलं दे आणि एक गोष्ट सांगायला लाव. चुकेल. योनाच्या माशाचा देवमासा करील, शार्क करील, काय करायचं ते करू दे.

शिबिराबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. १९९४ साली मी एका मळ्यात शिबिर घेतलं होतं. पासष्ट मुलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाची ताटं मोजत होते, आणि तेवढ्यात दोन मुलं मागच्या विहिरीकडे गेली. एकाला पोहता येत नव्हतं. पलीकडे गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्यानं धोतर सोडून खाली टाकलं, म्हणून तो पोरगा वाचला. त्या म्हाताऱ्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. ताटं मोजली, डोकी मोजली नाहीत. तेव्हापासून दर दोन तासांनी हजेरी, विहीर-तळं असेल तिथं शिबिर नाही, आणि दोन मोठी माणसं असल्याशिवाय कुणाही लहान मुलाला एकट्याला कुठं न्यायचं नाही. पाळकसाहेबांनाही हा नियम लागू. कुणी रुसलं तर रुसू दे. खरं सांगू? या वर्षी शिबिर करूच नकोस.

मेमध्येच निकाल लागतात. त्या दिवशी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पास झालेल्यांचे फोटो टाकायची घाई करू नका. जो राहिला त्याच्या घरी संध्याकाळी जा. "देवाची योजना असेल" वगैरे त्याला ऐकवू नकोस, ते त्यानं सकाळपासून दहा जणांकडून ऐकलेलं असतं. पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, कुठल्या विषयाला कोण शिकवेल, हे बोल. मंडळीत गणिताचे दोन निवृत्त मास्तर आहेत. त्यांनाही दुपार खायला उठते.

गाण्यांचं एक राहिलं. तुम्हाला यूट्यूबवरची कोरस येतात, पण 'उपासना संगीत' या पुस्तकातली रेव्हरंड टिळकांची भजनं पहिल्या कडव्यानंतर तुम्ही नुसती ओठ हलवून म्हणता. मला पुढच्या बाकावरून दिसतं. लिंबाखाली बसाल तेव्हा एखाद्या म्हाताऱ्याला बोलवा आणि त्याच्याकडून चाली घ्या. ढोलकी मात्र उन्हात ठेवू नका. चढते, मग सगळ्यांना किंचाळत गावं लागतं.

कमिटीत तुला पहिला प्रश्न येईल, "किती आले?" बारा म्हणून सांग. कुणी हसलंच, तर तो कागद काढून नावं वाचून दाखव, एकेक सावकाश.

दादाला सांग, पापड तयार आहेत, येताना मोठा डबा आण.

तुझी,
आत्या

ता. क. हॉलच्या मागच्या दाराची किल्ली वॉचमनकडे नसते. ती ऑर्गनच्या खोक्यात, डाव्या बाजूला आहे. मीच ठेवली होती.