उतारावर सोडलेली गाडी

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर मी पंचवीस वर्षे गाडी चालवतोय. गाडी शिकलो वडिलांकडून आणि त्यांची एक सवयही उचलली. आंबा गाव मागे पडले, घाटाचा उतार लागला, की गाडी न्यूट्रल करायची. घाटाखालच्या साखरप्यापर्यंत फुकटात जाता येते, असे ते म्हणत. ही सवय सुटायला मला बारा वर्षे लागली. त्या काळात आणि नंतर जे कळले ते इथे लिहितोय.

१. उतार पन्नास किलोने ओढतो.
रस्ता दर वीस मीटरला एक मीटर उतरत असेल, तर हजार किलोच्या गाडीला पन्नास किलोच्या जोराने पुढे ओढ बसते. टायर रस्त्यावर दबत, उलगडत फिरतात, त्यात दहा-पंधरा किलो खर्ची पडतात. उरलेल्याला अडवते ती हवा. ताशी ६० किलोमीटरला हवेचा विरोध दहा-अकरा किलो असतो, ८० ला वीसच्या घरात जातो, कारण वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो. म्हणजे ओढ आणि अडवणूक यांची बरोबरी व्हायला गाडी ताशी १०० च्या पुढे जावी लागते. आंबा घाटातली वळणे ताशी ३० ची आहेत. मधला सगळा फरक ब्रेकने भरून काढायचा. हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा वडिलांबरोबरचे ते सगळे प्रवास आठवून पोटात गोळा आला.

२. भरलेली गाडी जास्त पळते.
मला उलटे वाटायचे, की पाच माणसे बसली म्हणजे गाडी जड, म्हणजे हळू. सपाटीवरून निघताना ते खरे आहे. उतारावर मात्र वजनाबरोबर ओढ वाढते, टायरचा विरोधही त्याच प्रमाणात वाढतो, पण हवेचा विरोध आहे तेवढाच राहतो. लग्नाचे वऱ्हाड घेऊन उतरताना नेहमीच्या वळणावर गाडी नेहमीपेक्षा जोरात का आली, याचे उत्तर हेच. आणि तीस टनांच्या ट्रकचे काय होत असेल, तेही यावरून समजते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रल करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच उतारावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती.

३. ब्रेक म्हणजे चूल.
हजार किलोची गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा तीन लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होऊ शकते. न्यूट्रलमध्ये ती जवळजवळ सगळी लायनर आणि डिस्कवर येते. घाट असे कितीतरी शंभर मीटर उतरतो. एका जूनमध्ये, आई आणि मुलगी मागे बसलेल्या असताना, अर्ध्या घाटात मला जळका वास आला. पुढच्या वळणाला ब्रेकचे पेडल नेहमीसारखे दाबले. ते खाली गेले, पण गाडी तितकी थांबेना. मी दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडले आणि गाडी आवरली. डोंगराच्या बाजूला जागा बघून थांबलो. चाकांजवळ हात धरवत नव्हता. आईने काही विचारले नाही, फक्त मुलीला जवळ ओढून घेतले.
त्यानंतर आजवर घाटात न्यूट्रल नाही. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे ट्रकवाल्यांचे जुने सांगणे मी तेव्हापासून पाळतो.

४. पेट्रोलही वाचत नाही.
वडिलांची गाडी कार्ब्युरेटरची होती, तिच्यापुरता त्यांचा हिशोब थोडाफार खरा असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर पेट्रोल सोडणे बंद करतात. चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केले की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच.

५. चावी बंद करणे त्याहून वाईट.
इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. चावी पुरती फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. यावर आणखी काय बोलायचे?

६. सपाटीवर मात्र न्यूट्रल गाडीची तब्येत सांगते.
पहाटे, मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना मी वर्षातून दोनदा ताशी ४० वर न्यूट्रल करतो आणि गाडी आपोआप कुठे थांबते ते मैलाच्या दगडावरून बघतो. जाताना एकदा, येताना एकदा, म्हणजे वारा आणि न दिसणारा चढ दोन्ही वजा होतात. चाकांत ३० पाउंड हवा असताना माझी गाडी चारशे मीटरच्या आसपास जाते. एकदा हवा २० वर आलेली होती, तेव्हा सव्वातीनशेलाच थांबली. खडबडीत डांबरावर कमी जाते, गुळगुळीत काँक्रीटवर जास्त.
एका पावसाळ्यानंतर हवा बरोबर असूनही अडीचशेच भरले. मेस्त्रींनी चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवली. तीन फिरली, मागचे डावे अडले. ब्रेक गंजून चिकटला होता. ॲव्हरेज पडल्याचा दोष मी महिनाभर पेट्रोलला देत होतो.

७. मागच्या हॉर्नला भिऊ नये.
गेल्या दिवाळीत मुलीने पहिल्यांदा आंबा घाटातून गाडी उतरवली, पूर्ण दुसऱ्या गिअरमध्ये. मागे एक जीप सारखा हॉर्न देत होती. मुलीने रुंद जागा येईपर्यंत वेग बदलला नाही, मग डावीकडे घेऊन तिला पुढे जाऊ दिले. साखरप्याला चहाला थांबलो. मी उतरून चारही चाकांजवळ हात धरला. कोमट होती.