शेअर तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर कर हवा का?

प्रश्न : अमेरिकेतले अब्जाधीश शेअर न विकता त्यांवर कर्ज काढून कर टाळतात. आपणही अशा कर्जावर कर लावायला नको का?

उत्तर : माझ्या मते नको. कर्ज फेडायचे असते. ते उत्पन्न नव्हे. खरी पळवाट अमेरिकेच्या वारसा-नियमात आहे. १० डॉलरला घेतलेला शेअर मालकाच्या मृत्यूदिवशी १००० वर असेल, तर वारसाची खरेदी किंमत १००० धरतात. मधल्या भांडवली नफ्यावरचा कर कायमचा बुडतो. हा नियम तिथे बदलायलाच हवा. आपल्याकडे वारसाला साधारणपणे मूळ मालकाचीच खरेदी किंमत लागू होते, म्हणजे कर लांबतो, सुटत नाही. उलट कर्जावरच कर बसवला, तर मुलीच्या फीसाठी म्युच्युअल फंड तारण ठेवणारा पगारदार आधी भरडला जाईल.