सदोष गुंड्यांचे प्रमाण आणि नियंत्रण आलेख

सूत कातणे आणि कातलेले सूत पारखणे, या दोन्ही गोष्टींशी वर्धा जिल्ह्याचा जुना संबंध आहे. १९३४ साली मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले व त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. १९३८ साली तेथे मगन संग्रहालय उघडण्यात आले. महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेचे कार्यही वर्ध्यातूनच चालते. चरख्यावरचे सूत केंद्रावर येते ते गुंडीच्या रूपाने. पूर्वी ही गुंडी ६४० तारांची असे, आता ती १,००० मीटरची धरतात. सूत कच्चे असणे, जाड-बारीक असणे, लांबी कमी भरणे, यांपैकी कोणताही दोष आढळला की ती गुंडी सदोष ठरते.

येथपर्यंत काम सोपे आहे. अडचण येते ती आकडे वाचताना. एखाद्या आठवड्यात सदोष गुंड्यांचे प्रमाण वाढले, तर दोष कातणाऱ्या भगिनींचा, पेळूंचा, चरख्याचा, की केवळ योगायोगाचा? या प्रश्नाचे उत्तर घाईने दिले गेल्यास कोणाची तरी मजुरी विनाकारण कापली जाते, आणि खरा दोष मात्र तसाच राहतो.

अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली यावर एक साधन सुचविले. त्यालाच नियंत्रण आलेख म्हणतात. प्रत्येक कामात थोडा चढउतार होतच असतो. तो नेहमीच्या मर्यादेत असेल तर त्यामागे एकच एक कारण शोधीत बसू नये, मर्यादा ओलांडली गेली तरच शोध घ्यावा, हा त्यामागील विचार होय. प्रा. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते आणि त्यानंतर आपल्याकडील कारखान्यांत या पद्धतीचा प्रसार झाला.

कारखान्यात दररोज ठराविक संख्येने नग तपासता येतात. गावात तसे घडत नाही. कापसाची वेचणी किंवा सोयाबीनची कापणी सुरू झाली की स्त्रिया शेतावर जातात आणि केंद्रावर येणाऱ्या गुंड्या रोडावतात. म्हणून प्रत्येक आठवड्याचा नमुना लहानमोठा असतो, आणि त्यानुसार मर्यादाही वेगळी काढावी लागते.

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आठ आठवड्यांत अनुक्रमे १००, ६४, २२५, ४००, १४४, ८१, ३६ व १५० गुंड्या तपासल्या आणि त्यांत अनुक्रमे ८, ५, १६, ६०, १०, ६, ७ व ८ सदोष निघाल्या. एकूण १,२०० पैकी १२०, म्हणजे १० टक्के. ही आलेखाची मध्यरेषा. आठवड्यांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढून मध्यरेषा ठरवू नये. तसे केल्यास ३६ गुंड्यांना ४०० गुंड्यांइतकेच वजन दिल्यासारखे होते.

आता मर्यादा. सदोष प्रमाण (०.१०) व निर्दोष प्रमाण (०.९०) यांचा गुणाकार ०.०९, त्याचे वर्गमूळ ०.३ आणि त्याची तिप्पट ०.९. या संख्येला नमुन्याच्या वर्गमूळाने भागले की मध्यरेषेपासूनचे अंतर मिळते. ४०० गुंड्यांसाठी ०.९ भागिले २०, म्हणजे ४.५ टक्के, म्हणून वरची मर्यादा १४.५ व खालची ५.५. ३६ गुंड्यांसाठी ०.९ भागिले ६, म्हणजे १५ टक्के. वरची मर्यादा २५. खालची मर्यादा येथे ऋण येते, म्हणून ती शून्य धरावी. नमुना जितका मोठा, तितक्या मर्यादा मध्यरेषेच्या जवळ येतात. त्यामुळे आलेखावर त्या सरळ न दिसता पायऱ्यांसारख्या दिसतात.

सातव्या आठवड्यात सदोष प्रमाण १९.४ टक्के होते. कोणत्याही अधिकाऱ्याचे लक्ष प्रथम तिकडेच जाईल; पण ते २५ च्या आत आहे. चौथ्या आठवड्याचे १५ टक्के त्यामानाने किरकोळ वाटतात, परंतु ते १४.५ च्या बाहेर आहेत. चौकशी व्हावयास हवी ती चौथ्या आठवड्याची.

काही ठिकाणी श्रम वाचविण्यासाठी सरासरी नमुना धरून एकच मर्यादा आखतात. येथे सरासरी १५० आणि वरची मर्यादा सुमारे १७.३ येते. त्या रेषेने पाहिल्यास सातवा आठवडा दोषी ठरतो आणि चौथा सुटतो, म्हणजे निर्णय अगदी उलटा होतो! नमुने सरासरीपासून चौथा हिस्सा इतकेच कमीअधिक असतील तेव्हाच ही सोय चालते. मर्यादेच्या अगदी जवळ आलेला बिंदू मात्र तेव्हाही स्वतंत्र गणिताने पडताळावा.

छत्तीसचा नमुना तसा अपुराच आहे. त्यात सरासरीने ३.६ सदोष गुंड्या अपेक्षित असतात आणि ही संख्या पाचाहून कमी असली की ही गणिती मर्यादा ढोबळ ठरते. अशा वेळी दोन आठवडे एकत्र करणे इष्ट.

चौथ्या आठवड्याचे कारण सापडले, समजा पेळूंचा एखादा हप्ता निकृष्ट होता, तर तो आठवडा वगळून मध्यरेषा पुन्हा काढावी. उरलेल्या ८०० पैकी ६० सदोष, म्हणजे ७.५ टक्के; पुढील आठवडे या रेषेशी ताडावेत. कारण सापडले नाही तर केवळ आकडा गैरसोयीचा आहे म्हणून तो गाळू नये.

हीच रीत पिण्याच्या पाण्याच्या नमुन्यांनाही लागू पडते. जिल्ह्यातील आठ तालुक्यांत दरमहा तपासलेल्या नमुन्यांची संख्या सारखी नसते, तरीही दूषित नमुन्यांची टक्केवारी एकाखाली एक लिहून तालुक्यांचे क्रम लावले जातात. थोडे नमुने पाठविणारा तालुका त्यात कधी सर्वांत वर, तर कधी सर्वांत खाली दिसेल. तेथे प्रत्येक तालुक्याची मर्यादा वेगळी काढावी. दूषित आढळलेल्या विहिरीच्या शुद्धीकरणाला मात्र आलेखाची वाट पाहण्याचे कारण नाही. तिचा उपाय त्याच दिवशी व्हावा, मग तालुक्याचा बिंदू मर्यादेच्या आत असो वा बाहेर.