लघुपटाकडून चित्रपटाकडे : नागराज मंजुळे



'पावसाळा' या विषयावर तुम्ही कितीदा तरी निबंध लिहिला असेल. उर्दूच्या तासाला आपण ज्याला 'मजमून' म्हणतो, तोच मराठीतला निबंध. हिरवीगार झाडे, नाचणारा मोर, सुंदर इंद्रधनुष्य ही वाक्ये तर आपल्याला पाठच असतात. पण पावसात ज्याचे घर गळते, त्या मुलाने काय लिहावे? हा प्रश्न एका दिग्दर्शकाने आपल्यापुढे ठेवला. त्यांचे नाव नागराज मंजुळे. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

चित्रपटात नटांनी कसे बोलावे, कॅमेऱ्याने काय टिपावे, हे जो ठरवतो तो दिग्दर्शक. उर्दूत त्याला 'हिदायतकार' म्हणतात.

नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या गावचे. त्यांचे कुटुंब वडार समाजातील. दगड फोडणे हा या समाजाचा पूर्वापार व्यवसाय. घरी गरिबी होती. पण नागराज यांनी शिक्षण सोडले नाही. पुण्यात त्यांनी मराठी विषय घेऊन एम. ए. केले. ते कविताही लिहीत. पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे त्यांनी संवादशास्त्राचा अभ्यासक्रम घेतला. तेथे शिकत असतानाच त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट तयार केला. ते वर्ष होते 2009.

लघुपट म्हणजे थोड्या वेळाचा चित्रपट. बहुधा तो चाळीस मिनिटांच्या आत संपतो. त्यात पात्रे थोडी, जागा थोड्या आणि खर्चही कमी. म्हणून नवा दिग्दर्शक आधी लघुपट करून पाहतो. मात्र काम सोपे नसते. कादंबरीपेक्षा लघुकथेत जसा प्रत्येक शब्द मोजून वापरावा लागतो, तसेच येथे प्रत्येक दृश्याचे असते. 'पिस्तुल्या' ही शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची कहाणी. या पहिल्याच प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यानंतर मंजुळे पूर्ण लांबीच्या चित्रपटांकडे वळले. 2013 मध्ये तयार झालेल्या 'फँड्री'त जब्या नावाचा शाळकरी मुलगा आहे. जातीमुळे त्याच्या कुटुंबाला गावातील हलकी मानलेली कामे करावी लागतात आणि लोक त्याची टिंगल करतात. शेवटी जब्या रागाने दगड भिरकावतो. तो दगड थेट पडद्याबाहेर, आपल्याच दिशेने येतो असे वाटते. टिंगल पाहून गप्प बसणाऱ्यांत आपणही आहोत का, असे मन विचारू लागते. 2016 मध्ये 'सैराट' आला. तोपर्यंतच्या कोणत्याही मराठी चित्रपटापेक्षा त्याने जास्त पैसा मिळवला.

मुलांनो, एवढे यश मिळाल्यावर मंजुळे यांनी काय केले असेल? ते पुन्हा लघुपटाकडे वळले! 2017 मध्ये त्यांनी 'पावसाचा निबंध' तयार केला. राजा नावाच्या मुलाला शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगतात. त्या रात्री धो धो पाऊस कोसळत असतो. वडील दारू पिऊन बाहेर पडलेले. त्यांना घरी आणायचे. घरात पाहावे तर छप्पर गळते. अशा रात्री पावसाचे गुणगान कसे लिहायचे? या लघुपटाच्या दिग्दर्शनासाठी मंजुळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढचा चित्रपट तर आपल्या नागपूरचाच. हिस्लॉप कॉलेजातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी एकदा भर पावसात काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली. त्यांनी त्या मुलांच्या हाती फुटबॉल दिला. 2001 पासून त्यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम उभे केले. याच कामावरून मंजुळे यांनी 'झुंड' हा हिंदी चित्रपट काढला. तो 2022 मध्ये प्रदर्शित झाला. शिक्षकाची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली; पण त्यांच्याभोवतीची कितीतरी मुले नागपूरच्या वस्त्यांतली होती. त्यांनी पूर्वी कधी अभिनय केलेला नव्हता. त्यांच्यापैकी अंकुश गेडाम याला पुढे फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

आता माझी एक चूक सांगतो. मीही अनेक वर्षे फळ्यावर पावसाळ्याचा नमुना निबंध लिहून देत असे. साऱ्या वह्यांत एकच मोर नाचायचा. एका मुलाची वही मात्र कोरी होती. मी त्याला रागावलो. तो खाली मान घालून म्हणाला, ''सर, आमच्याकडे मोर नाही येत. रात्रभर अम्मी आणि मी पाणी उपसत होतो.'' मी म्हणालो, ''मग हेच लिही!'' त्याने भीत भीत विचारले, ''हे मराठीत चालते का?'' दुसऱ्या दिवशी त्याने सात ओळी लिहून आणल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. पण वर्गात तो निबंध मी स्वतः वाचून दाखवला. त्या दिवसापासून मी नमुना निबंध देणे बंद केले.

मित्रांनो, मराठी आपली दुसरी भाषा आहे, म्हणून दुसऱ्याची वाक्ये उसनी घेऊ नका. जे पाहिले, जे सोसले, ते साध्या शब्दांत लिहा. चुका आम्ही शिक्षक दुरुस्त करू.

शब्दार्थ
ओढ – तीव्र इच्छा, शौक
टिंगल – थट्टा, मजाक
भिरकावणे – जोराने फेकणे
उसना – परत करण्याच्या बोलीवर घेतलेला

स्वाध्याय
1. लघुपट व पूर्ण लांबीचा चित्रपट यांतील फरक सांगा.
2. राजाला निबंध लिहिणे कठीण का गेले?
3. विजय बारसे यांनी कोणते काम उभे केले?
4. वहीत मोर न आणता 'आमच्या गल्लीतला पाऊस' या विषयावर दहा ओळी लिहा.